कासोटा घालून रोलर कोस्टरच्या रांगेत

मी भित्री आहे, असं आमच्या घरात फार वर्षांपूर्वी ठरून गेलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. मी कमी बोलते. दारात अनोळखी माणूस आला की आत जाते. फोन वाजला की तो मुलीच्या हातात देते. लग्नाकार्यात सगळे फोटो काढायला उभे राहिले की मी कुणाच्या तरी खांद्यामागे असते. एवढ्यावरून ठरलं.

लाजणं वेगळं आणि भिणं वेगळं, हे मला आधीपासून माहीत होतं. पण ते सांगायचं तरी चार माणसांत तोंड उघडावं लागतं. म्हणून राहून गेलं.

आमचं गलाईचं दुकान आहे. जुने मोडके दागिने, सोनारांच्या कारखान्यातली झाडलेली धूळ, असलं सगळं आमच्याकडे येतं. आम्ही ते वितळवतो, तेजाबात शुद्ध करतो आणि त्याची लगड करून परत देतो. सांगली जिल्ह्यात आमच्या बाजूची कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पांगली. आमचं घर जयपूरला आलं. सासरे आधी आले, मग सासूबाई, मग आमची माणसं. सासरे गेल्यावर सासूबाई गावी परतल्या. थंडीत दोन महिने त्या इकडे येतात.

आम्ही राहतो झोटवाड्यात आणि दुकान आहे जोहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे गादी, तिच्यावर हे बसतात. मागे भट्टी. मधे पडदा. माझी जागा पडद्याच्या मागे. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी मला तिथे बसवलं आणि सगळं शिकवलं. सोनं वितळवायची मूस कशी ठेवायची, मळ काढायला टाकणखार कधी टाकायचा, सोनं पाण्यासारखं हललं म्हणजे काय समजायचं, तेजाबाचा पिवळा धूर निघाला की तोंड कुठं फिरवायचं. साडीचा कासोटा घालायलाही त्यांनीच शिकवलं. भट्टीजवळ लोंबता पदर म्हणजे जळून मरायचं काम. म्हणून दुकानात गेल्यावर मी आधी परकर काढते, साडी पायांमधून मागे घेऊन कमरेत घट्ट खोचते आणि पदर पोटाला आवळून गुंडाळते. गळ्यातलंही काढून खिळ्याला अडकवते. आचेनं सोनं तापतं आणि छातीला चटका बसतो. हे मी वीस वर्षं करते आहे. त्यात माझी भीती कुणाला कधी आडवी आली नाही.

या माघात ह्यांनी गावाकडचं घर बांधायला काढलं. दीड महिना तिकडे राहावं लागणार होतं. दुकानात कोण बसणार हा प्रश्न आला. मी जेवताना म्हटलं, "मी बसते गादीवर."

हे हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "अगं, गिऱ्हाईकानं 'भाभीजी' म्हटलं तरी तू पडद्याआड पळतीस. गादीवर बसून काय करणार? मान खाली घालून बसणार?"

"काम तर मलाच येतं की सगळं."

"काम येऊन काय उपयोग? बोलता आलं पाहिजे. चुलतभावाला बोलावतोय मी."

चुलतभावाला टाकणखार आणि मीठ यातला फरक कळत नाही. पण तो गावच्या पारावर बसून दिवसभर बोलतो, एवढं खरं. मी ताटं उचलली. आतून मात्र काहीतरी पेटलं होतं, ते विझलं नाही. ह्या घरात माझ्या हाताला किंमत होती आणि माझ्या तोंडाला नव्हती. पहिल्यांदाच मी काही मागितलं होतं, आणि ते हसण्यावारी गेलं.

त्याच आठवड्यात दिरांनी फिरायला जायचं काढलं. दीर जयपुरातच सोडाल्यात तीन मराठी मित्रांबरोबर खोली घेऊन राहतात आणि संगणकाच्या कंपनीत काम करतात. अजमेरच्या रस्त्याला एका बागेत नवा रोलर कोस्टर सुरू झाला होता, तो त्यांनी मोबाइलवर पाहिला. मुलीची परीक्षा संपली होती. तिनं हट्ट धरला. रविवारी सकाळी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही बांधून आम्ही गाडीत बसलो. हे गाडी चालवत होते. सोडाल्यात दीर चढले आणि गाडीचा आवाज दुप्पट झाला.

"आई, तू पाळण्यात बसणार ना?" दिरांनी सासूबाईंना विचारलं.

"मी कशाला बसू? माझं वर जायचं तिकीट देवाकडं हाय, तुझ्याकडं न्हाय."

"मग कशाला आलीस?"

"धपाटं खायाला. तुमच्या हाटेलातलं तेलकट मला पचत न्हाय."

"आणि वहिनी?"

मी खिडकीतून बाहेर बघत होते. बगरू गाव मागे गेलं होतं. किशनगडकडून येणारे ट्रक संगमरवराचे पांढरे ठोकळे साखळ्यांनी बांधून शेजारून जात होते. उत्तर ह्यांनीच दिलं. "ती खाली पिशव्या सांभाळील. पाळण्यात बसली तर पट्टा लावायच्या आधीच चक्कर येऊन पडंल."

मुलगी हसली. तिला हसायचं नव्हतं, पण हसली.

"दादा, दुकानाचं काय ठरलं मग?" दिरांनी विषय बदलला. "वहिनी बसते म्हणत होती ना?"

"ती गादीवर?" ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "त्यापेक्षा पाळण्यात बसणं सोपं."

"लावा पैज!" दीर पुढच्या सीटवर वळून बसले. "वहिनी रोलर कोस्टरमध्ये बसली तर दुकानात बसायचं. बोल दादा."

"बसू दे की. बसली तर बसू दे गादीवर. मी माझ्या हातानं किल्ली देतो."

"आई, तू साक्षी."

"मी कशाची साक्षी न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "गाडी समोर बघून चालव म्हणावं त्याला."

सगळे हसले. मी हसले नाही. पण ह्यांचं वाक्य मी जसंच्या तसं मनात ठेवलं. एकही शब्द सांडू दिला नाही.

रोलर कोस्टर दोन मैलांवरूनच दिसू लागला. सपाट माळ, मोहरीची पिवळी शेतं, आणि त्यांच्यावर निळ्या लोखंडाचा एक मोठा गुंता. उन्हात तो नवा कोरा चमकत होता. मधेच त्याच्यावरून काहीतरी सुळकन घसरलं आणि किंकाळ्यांचा आवाज आमच्यापर्यंत आला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "बया गं. पैसं देऊन बोंबलत्यात."

आत गेल्यावर हे, दीर आणि मुलगी रांगेकडे निघाले. ह्यांना बसायचं नव्हतं, कमरेचा त्रास आहे, पण रांगेपर्यंत सोडायला आले. मी त्यांच्या मागोमाग चालत राहिले. ह्यांनी वळून पाहिलं. "तू कुठं?"

"बसायला."

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दिरांनी शिट्टी वाजवली. पण रांगेच्या तोंडाशी निळी टोपी घातलेला एक जाडजूड माणूस उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात आडवा केला. "साड़ी में नहीं, मैडम। उधर बैठ जाइए।"

उधर म्हणजे एका लांब बाकड्याकडे. तिथे सगळ्या बायकाच बसल्या होत्या. कुणी साडीतली, कुणी घागरा ओढणीतली. प्रत्येकीच्या मांडीवर दुसऱ्यांचे मोबाइल, दुसऱ्यांचे चष्मे, दुसऱ्यांच्या चपला, पाण्याच्या बाटल्या. मीही जाऊन बसले. सासूबाई माझ्या शेजारी टेकल्या. दिरांचं पाकीट आणि मुलीची पर्स माझ्या मांडीवर आली. घागऱ्यातल्या बाईनं सरकून जागा दिली आणि म्हणाली, "हमको तो हर बार यही काम मिलता है।"

खोटं कशाला लिहू, पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. आता माझा दोष नव्हता. नियमच तसा होता. मला घरी जाऊन तोंड वर करून सांगता आलं असतं की मी निघाले होते.

तेवढ्यात हे म्हणाले, "झालं. सुटलीस नशिबानं."

त्यांनी ते प्रेमानं म्हटलं, हे मला ठाऊक आहे. त्यानंच मला जास्त लागलं. माझी सुटका झाली याचा त्यांना आनंद झाला होता. भित्र्या माणसाची सुटका झाली की घरच्यांना होतो, तसा.

रांगेच्या बाजूला नियमांची पाटी होती, वर हिंदीत आणि खाली इंग्रजीत. मी चौथीपर्यंत शिकले. मला भरभर वाचता येत नाही, म्हणून मी जे वाचते ते शेवटपर्यंत वाचते. इतर लोक चित्रं बघून पुढे जात होते. मी बाकड्यावरूनच एकेक ओळ वाचली. उंची, हृदयविकार, गर्भवती, आणि मग, ढीले या लटकते हुए कपड़े पहनकर बैठना मना है। साडीचं नाव त्या पाटीवर कुठेच नव्हतं. मी ती ओळ दुसऱ्यांदा वाचली. लोंबते कपडे नकोत, एवढंच तर होतं. ते तर आमच्या भट्टीलाही चालत नाहीत.

मी पाकीट आणि पर्स ह्यांच्या हातात दिली आणि मुलीला हाक मारली. "चल माझ्याबरोबर. बाथरूमचं दार धरायला."

"मम्मी, मतलब, काय करणारेस तू?"

"चल तर."

बाथरूममध्ये कडी मोडलेली होती. मुलीनं बाहेरून दार ओढून धरलं. मी परकर काढला, त्याची नाडी ओढून बाहेर घेतली आणि कमरेला दोन वेढे देऊन करकचून बांधली. मग निऱ्यांचा खालचा काठ उचलून दोन्ही पायांमधून मागे घेतला आणि नाडीत खोचला. दोन पिना मागे, एक पुढे. पदर छातीवरून घट्ट ओढून पोटाला वेढा दिला आणि टोक आत दाबलं. हे सगळं मी रोज डोळे मिटून करते. आज पिन दोनदा चुकली. भट्टीसमोर माझा हात कधी चुकला नाही. बाहेर माणसं होती म्हणून चुकत होता.

दार उघडल्यावर मुलीनं खाली पाहिलं. माझे पाय पोटरीपर्यंत उघडे होते. एका पोटरीवर तेजाब उडाल्याचा जुना काळा डाग आहे. तिनं तो दुकानात शंभरदा पाहिला असेल. इथं पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहिला. मग तिनं माझा परकर घडी करून स्वतःच्या जॅकेटमध्ये कोंबला आणि म्हणाली, "चल."

बाथरूमपासून रांगेपर्यंत पन्नास पावलं असतील. मला ती अजून एकेक करून आठवतात. कॉलेजातल्या मुली बघत होत्या. एका माणसानं आपल्या बायकोला कोपरानं ढोसून दाखवलं. मला जमिनीत जावंसं वाटत होतं आणि तरी मी चालत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सासूबाई बाकड्यावरून उठल्याच. "अगं ए! हे काय सोंग घेतलंस? चार माणसांत पोटऱ्या दाखवत फिरतीस व्हय?"

"आत्या, तुम्हीच शिकवलं की मला."

"ते भट्टीपाशी! आपलं दार बंद असतंय तितं. पडदा असतोय."

"पडदा काढला तर कासोटा बदलतो का?"

मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. ह्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पुरे आता. लोक बघायला लागलेत. घरी जाऊन बोलू."

"घरी मी बोलले होते," मी म्हटलं. "तुम्ही हसलात."

रांगेतली माणसं पुढे सरकत होती. मी सरळ टोपीवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मैडम, बोला था ना, साड़ी अलाउड नहीं है।"

"पाटी पे साड़ी लिखा है क्या?" माझ्या हिंदीत मराठी मिसळतं, विशेष करून घाबरले की. "लटकता कपड़ा लिखा है। मेरा क्या लटकता है, दिखाओ।"

"अरे मैडम..."

"दिखाओ ना। कुछ लटकता होगा तो मैं खुद बाजू हो जाऊँगी।"

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे भैया, जाने दो, लाइन रुकी है।" दुसरा म्हणाला, "नहीं यार, चेक करो, पहिए में फँस गया तो?" माझ्यावरून दहा माणसांची चर्चा सुरू झाली. माझे कान तापले. पूर्वीची मी असते तर इथेच वळले असते. पण वळून जायचं ते त्याच बाकड्यावर, आणि तिथून चुलतभावाच्या हाताखाली, पडद्यामागे. मी पाय रोवून उभी राहिले.

टोपीवाल्यानं वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं. पँटशर्टातली एक बाई आली, त्यांची साहेबीण असावी. तिनं माझ्याभोवती एक फेरी मारली. मागचा खोचा दोन बोटांनी धरून जोरात ओढला. मी एक पाऊल मागे गेले, पण खोचा हलला नाही.

"खुलेगा तो नहीं?"

"भट्टी के सामने बीस साल में नहीं खुला," मी म्हटलं, "तुम्हारे झूले में क्यों खुलेगा?"

बाकड्यावरच्या घागऱ्यातल्या बाईला मोठ्यानं हसू फुटलं. साहेबीणही हसली. "कौनसी भट्टी?"

"सोने की। सोना गलाते हैं हम।"

'हम' म्हणाले मी. हे माझ्या मागेच उभे होते.

"ठीक है," साहेबीण म्हणाली. "चूड़ी ठीक है। पिन पर टेप लगा दो इनकी। और गले का उतारना पड़ेगा। किसी का भी हो, चेन नहीं चलती।"

मी मंगळसूत्राला हात घातला आणि सासूबाई रांगेच्या दोरीतून आत आल्या. सत्तरी गाठलेली बाई, दोरी उचलून खालून वाकून आली. "हात लावू नको त्याला! समोर नवरा उभा हाय जिता, आन् गळ्यातलं काढतीस? पाळण्यासाठी?"

"आत्या, रोज काढते. खिळ्याला अडकवते. तुम्हीही अडकवायचा."

"ते घरात गं! ते कामासाठी!"

"हे पण कामासाठीच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं रडतील, पण त्यांना राग आला होता. मी आकडा काढला, मंगळसूत्र हातात घेतलं आणि ह्यांच्यासमोर धरलं. ह्यांच्या एका हातात मुलीची पर्स, बगलेत दिरांचं जॅकेट. हे दिवसभर दुसऱ्यांचं सोनं हाताळतात, पण हे घ्यायला हात पुढे येईना.

"तुम्ही धरा," मी म्हटलं. "तुमच्या नावाचंच आहे."

दिरांना हसू आवरेना. ह्यांनी शेवटी तळहात पुढे केला. मी त्यावर मंगळसूत्र ठेवलं आणि त्यांची बोटं मिटली. सासूबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. तसंच राहू दे म्हटलं. सगळ्यांना खूश करून मला काही मिळालं नव्हतं.

पाळण्याविषयी काय लिहू? मुलगी शेजारी होती, दीर मागच्या डब्यात. खांद्यांवरून लोखंडी दांडा खाली आला आणि खटकन बसला. गाडी साखळीवर खडखडत चढू लागली. वर, आणखी वर. मोहरीची शेतं, रस्ता, ट्रक, सगळं खाली गेलं. रांगेतली माणसं मुंग्यांएवढी झाली. मला भीती वाटली. फार वाटली. मुलगी म्हणाली, "मम्मी, डर लग रहा है." मी म्हटलं, "मलाही." ती चकित होऊन माझ्याकडे बघायला लागली आणि तेवढ्यात खालची जमीन निघून गेली.

त्यानंतरचं सलग आठवत नाही. आभाळ खाली होतं, हे आठवतं. गाल मागे ओढले जात होते. कुणीतरी कर्कश ओरडत होतं, आणि दुसऱ्या वळणावर मला कळलं की ती मी होते. माझा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाळंतपणातसुद्धा मी दात आवळून होते. आता आवाज येतोय तर येऊ दे म्हटलं आणि मुद्दाम ओरडले. शब्द काही नव्हता, नुसता आवाज. पण तो माझा होता आणि त्या माळावर सगळ्यांना ऐकू जात होता.

खाली उतरल्यावर मी आधी मागे हात लावून पाहिलं. खोचा जागेवर होता. ह्यांनी मूठ उघडली. तळहातावर काळ्या मण्यांचे वळ उमटले होते, इतकी घट्ट धरली होती. मी मंगळसूत्र घेऊन गळ्यात घातलं. आकडा मागे मुलीनं लावला.

"बरी आहेस ना?" ह्यांनी विचारलं.

"बरी आहे. किल्ली कधी देताय?"

परतताना दूदू गावाच्या अलीकडे एका ढाब्यावर चहाला थांबलो. सासूबाईंनी अजून माझ्याशी बोलायला सुरुवात केली नव्हती. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, गाडीत बोललो ती मस्करी होती. पाळण्यात बसणं आणि गादीवर बसणं एक आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "एक नाही. पाळण्यात नुसतं बसायचं असतं. मी तिथं त्या टोपीवाल्याशी बोलले. साहेबिणीशी बोलले. शंभर माणसं ऐकत होती. गादीवर एका वेळी एक गिऱ्हाईक येतं."

"तरी पण..."

"मस्करी तुम्ही केली असेल. मी केली नाही."

दीर चहात बिस्किट बुडवत होते. आगीत तेल ओतलं तेही त्यांनीच आणि आता बिस्किटाकडे बघत बसले तेही तेच. मुलगी माझ्या बाजूला सरकून बसली. ह्यांनी आईकडे पाहिलं. अशा वेळी ते नेहमी आईकडे बघतात.

सासूबाईंनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायला. मग ह्यांना म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतुस? तुझा बाप आजारी होता तवा दुकान चार महिनं बंद ठेवलं आपण. उपाशी राहिलो. मी म्हणाले होते, मी बसते. तो बी असाच हसला होता." आणि माझ्याकडे वळून लगेच म्हणाल्या, "पण गळ्यातलं काढलंस ते काय मला पटलं न्हाय. ते मरस्तोवर पटणार न्हाय."

"नका पटवून घेऊ," मी म्हटलं.

चुलतभावाला फोन करून येऊ नको सांगायला ह्यांना आणखी तीन दिवस लागले. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही. देवघरासमोर ठेवली आणि आंघोळीला गेले. मी उचलली.

ते गावी गेले त्या दिवशी मी दुकान उघडलं. आधी मागे जाऊन भट्टी झाडली, मग पुढे येऊन गादीवर बसले. साडी नेहमीसारखी नेसले होते, पदर डोक्यावर नव्हता. गल्लीतून जाणारे थबकून आत बघत होते. मी हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. मान खाली जायची, मी पुन्हा वर करायची.

साडेअकराला पहिलं गिऱ्हाईक आलं. जुने सोनार, आमच्याकडे फार दिवसांपासून येणारे. मला त्यांनी पडद्याआडून ओझरतं पाहिलं असेल, तेवढंच.

"सेठजी कहाँ हैं?"

"गाँव गए हैं। बैठिए।"

"कब आएँगे?"

"डेढ़ महीना। काम बताइए, मैं करती हूँ। अब तक भी मैं ही करती थी।"

त्यांनी हातातली पुडी उलटसुलट केली. कानातल्या जुन्या जोडाचं सोनं असावं. मग पुडी खिशात घातली. "फिर आऊँगा, भाभीजी। सेठजी आ जाएँ, तब।"

ते गेले. मागे पडदा होता, चार पावलांवर. मी पाणी प्याले, गादीवरची सुरकुती हातानं सरळ केली आणि दाराकडे तोंड करून तिथेच बसून राहिले.